आकडा दिसला पाहिजे

हाऊजीच्या नव्वद सोंगट्या मोजून झाल्याशिवाय ताई माईक हातात घेत नाहीत. हॉलमध्ये खुर्च्या लागत असतात, साऊंडवाला ‘हॅलो, चेक’ करत असतो, कुणीतरी चहाचं विचारून जातं. त्या मात्र टेबलावर पिशवी उलटी करून दहा-दहाच्या ओळी लावत असतात. मागच्या कार्यक्रमात एखादी सोंगटी खुर्चीखाली गडगडून राहिली असेल, तर तो आकडा पुकारलाच जाणार नाही. ज्यांच्या तिकिटावर तो छापलेला आहे, त्यांचं फुल हाऊस होणं शक्य नाही, आणि हे त्यांना कधी कळणारही नाही. मोजणी झाली की दुसरी तपासणी. सोंगट्यांवरचे आकडे इंग्रजी असतात, त्यामुळे सहा उलटा धरला की नऊ होतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एकोणीस उलटा धरला की एकसष्ट होतो, अडुसष्टचा एकोणनव्वद होतो, अठराचा एक्याऐंशी होतो. ताईंनी अशा प्रत्येक सोंगटीवर आकड्याखाली नेलपॉलिशने रेघ मारून घेतली आहे.

त्यांचं माहेर गिरगावचं, सासर लालबागचं, पेशा सूत्रसंचालनाचा. हळदीकुंकू, डोहाळजेवण, कोजागरी, सोसायटीची सत्यनारायणाची पूजा, निवृत्त बँक कर्मचाऱ्यांचं स्नेहसंमेलन अशी कामं वर्षभर चालू असतात. २००४ साली झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि त्यानंतर गल्लोगल्ली पैठणीच्या खेळांचं पेव फुटलं. या धंद्यातल्या अनेक बायकांना त्यातून काम मिळालं. पण फुगे फोडा, तळ्यात-मळ्यात, संगीतखुर्ची या खेळांना तिशी-चाळिशीच्या बायका पुढे येतात. साठी उलटलेल्या मागे बसून टाळ्या वाजवतात, कारण गुडघे साथ देत नाहीत. हाऊजी जाहीर झाली की मात्र मागच्या रांगेतल्या आजी चष्म्याची डबी उघडतात. तीन आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, प्रत्येक ओळीत पाच असे पंधरा आकडे आणि हातात एक पेन. धावायचं नाही, वाकायचं नाही, वर जाऊन बोलायचं नाही. तिथे सत्तरीतली बाई आणि सातवीतली नात एकाच पायरीवर असतात. ताईंना हा खेळ आवडतो तो यासाठी.

हाऊजीचा, म्हणजे बिंगोचा, इलेक्ट्रॉनिक हॉल मुंबईत शोधायची कल्पना मात्र त्यांची नव्हती. ती आली लंडनहून.

त्यांच्या एक मावशी लग्नानंतर दक्षिण लंडनमध्ये स्थायिक झाल्या. यजमान गेले, मुलं पांगली, आणि शेजारणींच्या नादाने त्या टूटिंगच्या बिंगो हॉलमध्ये जाऊ लागल्या. हा हॉल म्हणजे १९३१ साली उघडलेलं ग्रॅनडा थिएटर. आत शिरलं की एखाद्या कॅथीड्रलमध्ये आल्यासारखं वाटावं अशा कमानी, झुंबरं, आरशांची लांबच लांब मार्गिका. टीव्हीने प्रेक्षक पळवले, आणि १९६०च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बिंगोला धंदा म्हणून मोकळीक मिळाली होती. रिकामी पडलेली कितीतरी थिएटरं बिंगोकडे गेली. ग्रॅनडाची पाळी १९७६ साली आली. मावशी सांगतात तिथलं चित्र असं, की कागदाची तिकिटं आहेतच, पण हवं तर हातात एक टॅब्लेट मिळतो. त्यात एकदम कितीतरी तिकिटं भरलेली असतात आणि पुकारलेला आकडा यंत्र आपणच खोडतं. तुम्ही चहा पीत बसायचं. जिंकलात तर स्क्रीन लुकलुकते.

मावशी हिवाळ्यात मुंबईला आल्या तेव्हा त्यांनी चाळीतल्या जुन्या मैत्रिणींना हे सगळं रंगवून सांगितलं. दुपारी दोन ते पाच, बसायला बऱ्या खुर्च्या, मोठा फलक, चहा-बिस्किटं, आजूबाजूला चार ओळखीचे चेहरे. ‘तुमच्याकडे एवढे हॉल आहेत, असा एखादा नाही का गं?’ मैत्रिणींनी हा प्रश्न ताईंकडे वळवला, कारण कुठल्या हॉलचं भाडं किती आणि कुठे पंखे चालतात हे या भागात त्यांच्याइतकं क्वचितच कुणाला माहीत असेल.

ग्रॅनडा उघडलं त्याच १९३१ साली, १४ मार्चला, गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि हिंदुस्थानी चित्रपट बोलू लागला. मॅजेस्टिक पुढे पाडलं गेलं आणि त्या जागी शॉपिंग सेंटर उभं राहिलं. गिरगाव-दादर-परळची आणखीही काही थिएटरं काळाच्या ओघात बंद पडली. जागा पडून राहिल्या, नाहीतर मॉल झाले, टॉवर झाले. बिंगो हॉल मात्र एकाही थिएटरचा झाला नाही. होऊच शकत नव्हता. पण कायद्याकडे जाण्याआधी ताईंनी आपल्या पद्धतीने पायपीट केली, आणि तिच्यात जे दिसलं ते सांगण्याजोगं आहे.

सुरुवात लोअर परळपासून. गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये मुलांचे गेमिंग झोन आहेत. कार्डात पैसे भरायचे, मशीनवर टॅप करायचं, शेवटी जमलेल्या गुणांवर टेडी बेअर न्यायचं. आवाज इतका की दोन खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना बोलता येत नाही, आणि मुळात दोन खुर्च्याच नसतात. ऐकायला कमी येणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी डोकं दुखण्यापलीकडे काही मिळत नाही. ताई आत गेल्या तशा बाहेर आल्या.

मग स्टेशनांजवळची लॉटरीची सेंटरं. इथे स्क्रीन आहे, आकडे आहेत, ठरावीक वेळेला निकाल आहेत; वर्णनावरून बिंगो हॉलला सर्वांत जवळचं हेच. पण लोक उभे. पुरुष, बहुतेक एकटे, एकमेकांकडे न बघणारे. कुणी जिंकलं तर त्याच्यासाठी टाळी वाजत नाही. ताईंच्या हिशेबी जागेची पारख तिथेच झाली: हरलेला माणूस शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून घरी जातो का, की पुढच्या निकालाच्या आत आणखी एक चिठ्ठी घेतो? या दुसऱ्या प्रकारच्या जागेत आपल्या बायकांना न्यायचं नाही, हे त्यांनी दारातच ठरवलं.

जिमखान्यांत हाऊजीच्या रात्री होतात, आणि फार चांगल्या होतात. हिरवळ, बँड, जेवण, शिस्त. पण तिथे सभासदत्व लागतं, आणि लालबागच्या दीडशे चौरस फुटांच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला ते परवडणारं नाही. कुणाच्या ओळखीने पाहुणी म्हणून एखादा दिवस जाता येईल, दर आठवड्याला नाही.

या सगळ्या फिरण्यात मन रमलं ते ख्रिस्ती वस्त्यांत. हाऊजी इंग्रजांच्या फौजेतून आणि जहाजांवरून आपल्याकडे आली, तेव्हा छावण्या, रेल्वे इन्स्टिट्यूट आणि चर्चचे मेळावे ही तिची पहिली घरं. गोव्याच्या तारवटींनी, म्हणजे खलाशांनी, ती बोटींवर खेळली आणि धोबीतलाव-गिरगावच्या आपल्या मुक्कामांत आणली. खोताच्या वाडीच्या परिसरात लहानपण गेल्यामुळे ताई पुकारायला शिकल्या त्या इथेच, फेस्टच्या दिवशी मांडवाबाहेर उभं राहून. अकरा आला की ‘लेग्ज इलेव्हन’, अठ्ठ्याऐंशी आला की ‘टू फॅट लेडीज’, नव्वदला ‘टॉप ऑफ द हाऊस’. पुकारणारे काका एकेक आकडा दोनदा म्हणत, मग क्षणभर थांबत, आणि त्या थांबण्यात मांडवातली सगळी डोकी खाली वाकलेली असत. आजही दादरला पोर्तुगीज चर्चच्या आसपासच्या वस्तीत जुन्या पद्धतीने पुकारणारी माणसं सापडतात. ती ऐकणं हा आनंद आहे. अडचण एकच, की फेस्ट वर्षातून एकदा येते.

राहिलं गोवा. तिथे १९९२ साली जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली, १९९६ साली बोटींवरच्या कॅसिनोंचा रस्ता मोकळा झाला. मैत्रिणींच्या गटातल्या एकीच्या भाच्याने सुचवलं, कोकणकन्येने जाऊ, मांडवीतली बोट बघू. ताईंनी नाही म्हटलं. मावशींनी मागितली होती ती आठवड्याची एक दुपार, आणि कॅसिनोची अख्खी मांडणी माणसाला वेळेचं भान राहू नये यासाठी असते.

आता कायदा. या कामात वावरणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेतला पाहिजे असं ताईंना मनापासून वाटतं, कारण हौशी आयोजकांना त्याची कल्पनाच नसते. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ सालचा आहे आणि आजही लागू आहे. केवळ कौशल्याचा खेळ त्यातून वगळलेला आहे. पण हाऊजीत कौशल्य कसलं? आकडा पिशवीतून निघतो, तो तुमच्या तिकिटावर असतो किंवा नसतो. अशा खेळावर पैसे लावून घ्यायचे आणि जागा चालवणाऱ्याने त्यात नफा काढायचा, की ती जागा कायद्याच्या नजरेत जुगाराचा अड्डा ठरते. व्हिडिओ गेम पार्लरच्या पाटीमागे चालणाऱ्या जुगारावर धाडी पडल्याच्या बातम्या मुंबईकर वर्षानुवर्षं वाचत आले आहेत. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंच्या नियंत्रणाचा आणि कराचा कायदा केला होता खरा, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ साली रद्दही झाला. म्हणजे टूटिंगसारखा हॉल परळला काढायचा तर परवाना मागायला जायचं तरी कुठे, हाच प्रश्न.

‘सरकार लॉटरी विकतं ते चालतं का?’ हा प्रश्न गटात लगेच आला, आणि तो चुकीचा नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९पासून आहे. राज्यांच्या लॉटरीसाठी १९९८चा केंद्रीय कायदा आहे, त्यात एका अंकावर बक्षीस द्यायला मनाई आहे. खासगी माणसाला मात्र तशी सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात, बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातल्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांवरून, जुगार हा व्यापारच नव्हे आणि राज्यघटनेतलं व्यापाराचं स्वातंत्र्य त्याला मिळणार नाही, असं स्पष्ट केलं. ऑनलाइन खेळांचं दारही ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंद केलं आहे: पैसे लावून जिंकायचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला मनाई.

ताईंचा नियम त्याआधीपासूनचा आणि साधा आहे. तिकिटाला पैसे नाहीत. बक्षीस वस्तूचं, आणि ते कुणीतरी दिलेलं: कॅसरोल, स्टीलचा डबा, चादर, किराणा दुकानदाराने दिलेलं पाच किलो तांदळाचं पोतं. दहा रुपये तिकीट लावून गोळा झालेली रक्कम वाटायची सूचना मंडळांकडून नेहमी येते. ‘एवढ्याने काय होतं’ असंही ऐकवलं जातं. त्या ठाम राहतात, आणि त्यामागे कायद्याइतकंच लालबाग आहे.

कारण या भागात आकड्याला इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येत, आणि त्यांवर पैजा लागत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो मार्ग बंद झाला तसे आकडे इथेच काढले जाऊ लागले. १९६२ साली कल्याणजी भगत यांचा मटका सुरू झाला, १९६४ साली रतन खत्री यांचा. गिऱ्हाईक हाताशीच होतं: पाळी सुटल्यावर गिरणीच्या दारातून बाहेर पडणारा कामगार. चाळीच्या तोंडाशी पानवाला, त्याच्या शेजारी चिठ्ठी लिहिणारा, आणि रात्री निकालाची वाट पाहणारे जिने. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या असंख्य जणांना परत जायला गिरणीच उरली नाही. ज्या घरांत पगार थांबला, त्या घरांत आधी आकड्यावर गेलेल्या रुपयांची आठवण बायकांनी अजून जपून ठेवली आहे.

गटाच्या पहिल्या बैठकीत हे सगळं एका वाक्यात बाहेर आलं. ऐंशीच्या घरातल्या एक आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. हाऊजी, हॉल, मशीन हे सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आमच्या ह्यांचा निम्मा पगार आकड्यात जायचा. मी दर शनिवारी पोरांना घेऊन गिरणीच्या गेटवर उभी राहायची, तो वाटेत कुठे जाऊ नये म्हणून. आता तुम्ही मला आकडे खेळायला बोलावताय?’ कुणी काही बोललं नाही. ताई खाली बसल्या, कोरं तिकीट त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, ‘काकी, यात पर्स उघडायची नाही. हरलात तर तिकीट फाडून टाकायचं, एवढंच.’ काकींनी ते उलटसुलट करून पाहिलं. ‘पर्स उघडायची नसेल तर येईन.’ ताईंनी आजवर घेतलेल्या कुठल्याही परवानगीपेक्षा ही त्यांना महत्त्वाची वाटते.

अशा रीतीने, शोधायला गेलेला हॉल सापडला नाही आणि तो उभा करायचं ठरलं. लालबागमध्येच एका संस्थेचा तळमजल्यावरचा हॉल दुपारी रिकामा असतो. तळमजला ही अट आधी, भाडं नंतर. भिंतीवर मोठा टीव्ही होता, गटातल्या एकीच्या नातवाकडे जुना लॅपटॉप होता, आणि आकडे काढणारी साधी फुकट प्रणाली त्यावर घालता आली. बटण दाबलं की एक आकडा मोठ्या अक्षरांत येतो, बाजूला एक ते नव्वदचा तक्ता, आणि आलेले आकडे त्यात रंग बदलून उभे राहतात. इलेक्ट्रॉनिक म्हणायचं ते एवढंच.

या तक्त्याने जे केलं ते पिशवीने कधी केलं नव्हतं. कानाला यंत्र लावणाऱ्या बायका वर्षानुवर्षं हाऊजीत शेजारणीच्या तिकिटावर डोळा ठेवून खेळत आल्या होत्या. एक आकडा हुकला की पुढचे तीन हुकायचे, आणि मग मुकाट्याने पेन खाली. आता मान वर केली की सगळं समोर. दुसरा फायदा तरुण मुलींना झाला. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ऐकून पटकन उमगत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशा वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. ताईंनी हॉलपुरता त्यावर आपला तोडगा काढला आहे: ‘पाच आणि नऊ, एकोणसाठ.’ आधी अंक, मग पूर्ण संख्या, आणि त्याच वेळी पडद्यावर आकडा. आजी आणि नात दोघींचं काम होतं.

पण विश्वास यंत्रावर आपोआप बसत नाही. पहिल्याच दुपारी मागून आवाज आला, ‘आत काय भरून ठेवलंय ते आपल्याला कुठे दिसतं?’ हा संशय ताईंना अगदी योग्य वाटतो. पिशवीत जाणारा हात दिसतो. लॅपटॉपच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून त्यांनी व्यवस्था केली की तिकिटं आधी वाटायची, पोतडीतून कुणीही कुठलंही उचलावं, आणि मगच नवा डाव सर्वांदेखत सुरू करायचा. तिकीट कुणाकडे कुठलं गेलं हे बटण दाबणाऱ्याला ठाऊकच नसेल तर भरून ठेवून तरी काय साधणार? शिवाय बटण दर वेळी वेगळी बाई दाबते. आणि पिशवी टेबलावर असतेच. मागणी आली की तो डाव सोंगट्यांवर. सुरुवातीला मागणी वरचेवर यायची.

आपोआप खोडणारी तिकिटं मात्र त्यांनी आणली नाहीत. मोबाईलवर ती सोय सहज मिळते, आणि मावशींनी तिचं कौतुकही फार केलं होतं. ताईंचं म्हणणं, हातात पेन नसेल तर त्या तीन तासांत बाई करणार काय? आकडा ऐकायचा, रकाना शोधायचा, खोडायचा, कितीची वाट बघतोय ते लक्षात ठेवायचं, यातच खेळ आहे. यंत्राने फलक व्हावं, खेळाडू होऊ नये, हा त्यांचा आग्रह पटण्यासारखा आहे. त्यामुळे तिकिटं कागदाचीच. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला मिळणाऱ्या वह्यांतली तिकिटं बारीक छपाईची असतात, म्हणून त्यांनी मोठ्या अक्षरांची तिकिटं संगणकावर तयार करून घेतली. एका ए-फोर कागदावर दोनच बसतात. कागद जास्त जातो, पण चष्मा विसरलेली बाईही खेळते.

वेग हा वेगळा विषय. प्रणालीत आकडे आपोआप काढायची सोय आहे, दर तीन-चार सेकंदांनी एक. तसं ठेवलं तर हॉल धापा टाकतो. ताई दहाएक सेकंद घेतात आणि आकडा दोनदा म्हणतात. शंभर तिकिटं वाटली असतील तर फुल हाऊस साधारण सदुसष्टाव्या आकड्याच्या आसपास लागतं. हा अंदाज त्यांना अनुभवाने होता. गणित मांडून पाहिलं तरी उत्तर तेच येतं, कारण शंभर तिकिटांत सदुसष्टाव्या आकड्यापर्यंत कुणाचं तरी फुल हाऊस झालेलं असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. गंमत अशी की तिकिटं तीनशे झाली तरी हा टप्पा फक्त चारएक आकड्यांनी अलीकडे येतो. म्हणजे सदुसष्ट आकडे, दहा सेकंदांनी एक, अकरा मिनिटं. मधले दावे आणि त्यांची तपासणी धरून एक डाव वीस मिनिटांचा. गणपतीत किंवा कोजागरीला याच हिशेबावर त्या मंडळाला सांगू शकतात की दहाच्या आत किती डाव बसतील. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. सवलतीचे दिवस सोडले तर शेवटचा डाव नवाच्या ठोक्यानंतर फार उशिरा सुरू करून चालत नाही. अर्ध्यात माईक बंद झालेल्या हाऊजीइतकी चिडलेली गर्दी दुसरी नसते.

दाव्याची तपासणी ही पुकारणाऱ्याची खरी परीक्षा. जल्दी पाच, पहिली ओळ, मधली, खालची, चार कोपरे, फुल हाऊस: कशाचाही दावा आला की ताई पुढचा आकडा काढत नाहीत. तिकीट पुढे येतं, त्यावरचे आकडे एकेक करून मोठ्याने वाचले जातात, आणि प्रत्येकाला सगळा हॉल तक्त्याकडे बघून ‘आलाय’ म्हणतो. दावा खोटा निघाला तर बोगी, ते तिकीट बाद. इथे घाईत खोडलेल्या एका आकड्यावरून मैत्रिणी महिनाभर अबोला धरतात हे त्यांनी पाहिलं आहे. एका मोठ्या आयोजकांच्या कार्यक्रमात तिकीट नुसतं लांबून बघून बक्षीस दिलं गेलं, मागून दुसऱ्या बाईने तोच दावा केला, आणि आयोजकांनी ‘आता झालं ते झालं’ म्हणून विषय मिटवला. ताई तिथे फक्त निवेदन करत होत्या, तपासणी त्यांच्याकडे नव्हती. त्यानंतर तपासणी आपल्याकडे नसेल तर त्या हाऊजीचं काम घेत नाहीत.

जागा चांगली की वाईट हे ठरवायला त्यांना आता फार वेळ लागत नाही. पहिला आकडा निघण्याआधी बक्षिसं टेबलावर मांडलेली आहेत का, की ‘नंतर सांगतो’ आहे? आलेले आकडे शेवटच्या खुर्चीवरून दिसतात का? एकाच ओळीचा दावा दोघींनी एकदम केला तर काय, हे आधी सांगितलं आहे का? ताईंच्या हॉलमध्ये वस्तू दोघींत वाटता येत नाही, म्हणून जोडदाव्यासाठी सारखीच दुसरी वस्तू राखून ठेवलेली असते, नाहीतर दोघींनी एकेक सोंगटी उचलायची, मोठा आकडा जिंकला.

मावशी पुढच्या हिवाळ्यात आल्या तेव्हा त्यांना मागच्या रांगेत बसवलं नाही, सरळ पुकारायला उभं केलं. टूटिंगमध्ये त्यांनी हे कधी केलं नव्हतं. तिथे पुकारणारा पगारी असतो. पहिले काही आकडे इंग्रजीत गेले, मग बावीसला त्या ‘टू लिटल डक्स’ म्हणाल्या आणि समोरून लगेच ‘बदकं नको, आकडा सांगा’ अशी हाक आली. काकी होत्या त्या. त्या दिवशी त्यांना मधल्या ओळीचं बक्षीस मिळालं, झाकणाचं पातेलं. घरी नेऊन त्यांनी ते सुनेला दिलं नाही, स्वतःच्या फळीवर ठेवलं, असं शेजारणीने सांगितलं.

आता दादरच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने असाच हॉल त्यांच्याकडे सुरू करायला ताईंना बोलावलं आहे. संघाकडे प्रोजेक्टर आहे, उत्साह आहे, बक्षिसं द्यायला तयार असलेले दोन दुकानदार आहेत. ताईंनी जागा पाहून कळवलं: दुपारी पडद्यावर ऊन येतं, तिथे जाड पडदे हवेत, स्वच्छतागृह पहिल्या मजल्यावर आहे, ते चालणार नाही, शेजारच्या शाळेशी तळमजल्याचं बोलून ठेवा, आणि नव्वद सोंगट्यांची एक पिशवी विकत घ्या, लाईट गेली तर डाव थांबता कामा नये.